विटाळ न मानणारा पंथ आणि चिंधीचा हिशेब

मराठीत मासिक पाळीचे नाव न घेता तिच्याविषयी बोलण्याची सोय मुबलक आहे. 'कावळा शिवला', 'बाहेर बसली', 'अडचण आहे', 'चार दिवस'... ऐकणाऱ्याला जे कळायचे ते कळते आणि बोलणाऱ्याची जीभही विटाळत नाही. या साऱ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. त्या बाईपासून कोणी किती दूर राहावे हे ते सांगतात. त्या चार दिवसांत तिला काय लागते आणि ते कोठून येते, याविषयी त्यांत अवाक्षर नाही. इंग्रजीत २०१७च्या सुमारास 'पीरियड पॉव्हर्टी' हा शब्दप्रयोग रूढ झाला. आम्ही त्याला पाळीचे दारिद्र्य म्हणू. पाळीत लागणारे कापड अथवा पॅड, ते धुण्या-बदलण्यास पाणी व आडोसा, आणि देहात काय घडते आहे याची माहिती, यांपैकी काही न परवडणे अथवा न मिळणे, असा त्याचा अर्थ. या दारिद्र्याकडे आम्ही येथे जरा आडवाटेने, क्वेकर पंथाच्या इतिहासातून, पाहू इच्छितो. त्यास एक निमित्त घडले.

काही वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडमधील एका लहान गावी आम्हांस क्वेकरांच्या मौनसभेस बसण्याचा योग आला. खोली साधी, भिंती पांढऱ्या. वेदी नाही, क्रूस नाही, मेणबत्ती नाही. मधोमध एक मेज आणि भोवती मांडलेल्या खुर्च्यांवर वीसेक माणसे. तासभर जवळजवळ कोणी बोलले नाही. मध्येच एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले, तुरुंगातील कैद्यांविषयी दोन वाक्ये बोलले आणि खाली बसले. अखेरीस शेजारच्याने शेजारच्याशी हस्तांदोलन केले, आणि सभा संपली. तो आमच्या पाळीचा दुसरा दिवस होता. आजीच्या घरी असतो तर त्या दिवशी देवघराचा उंबरठा ओलांडता आला नसता; तुळशीला आणि लोणच्याच्या बरणीलाही हात लावता आला नसता. येथे कोणी काही विचारले नाही. विचारण्यासारखे काही आहे असे कोणाच्या मनातही आले नसते. सभेनंतर स्वच्छतागृहात गेलो तो खिडकीच्या कट्ट्यावर वेताची एक टोपली दिसली. तीत पॅडची पाकिटे होती, आणि 'लागेल ते घ्या' असे हाताने लिहिलेला एक कागद. तासाभराच्या मौनाने आम्ही भारावलो होतो हे खरे, परंतु परतताना मनात राहिली ती टोपली. त्या खोलीपासून या टोपलीपर्यंत येण्यास या पंथाला किती काळ लागला असेल, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

पंथाचा आरंभ सतराव्या शतकातला. जॉर्ज फॉक्स (१६२४-१६९१) हा लेस्टरशायरमधील एका विणकराचा मुलगा. इंग्लंड यादवी युद्धाने पोळलेले असताना तो गावोगाव हिंडून सांगू लागला की, ईश्वराचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या अंतरी आहे. त्याच्यापर्यंत पोहोचण्यास पुरोहित, संस्कार अथवा पवित्र वास्तू यांची गरज नाही. चर्चच्या इमारतीस तो 'मनोऱ्याचे घर' म्हणे. १६५० साली डर्बी येथे त्याने न्यायाधीशाला ईश्वराच्या शब्दापुढे थरथर काप असे बजावले, आणि त्यावरून 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे, हे हिणवणीचे नाव पडले. ही मंडळी स्वतःला 'मित्र' म्हणवत. कोणापुढे टोपी काढीत नसत, न्यायालयात शपथ घेत नसत, आणि थोरामोठ्यांसही एकवचनी 'तू' म्हणत. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांच्या पायऱ्यांवर वाढलेल्या मराठी माणसास यातील उद्दामपणा वेगळा समजावून सांगावयास नको.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे. जेथे पवित्र जागाच नाही तेथे ती बाटण्याचा प्रश्न उद्भवत नाही. बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाने पाळीतील स्त्रीला सात दिवस अशुद्ध ठरविले होते. त्याच विचाराची सावली पडलेला, बाळंतपणानंतर स्त्रीने चर्चमध्ये येऊन करवून घ्यावयाचा एक विधी इंग्लंडच्या चर्चमध्ये रूढ होता. क्वेकर स्त्रियांनी तो नाकारला. स्वार्थमोर हॉलची मालकीण मार्गारेट फेल ही या पंथाची खरी संघटक. लँकेस्टरच्या तुरुंगात असताना तिने लिहिलेली, स्त्रियांच्या धर्मोपदेशाच्या अधिकाराचे समर्थन करणारी पुस्तिका १६६६ साली निघाली. स्त्रीचा देह तिच्या वाणीच्या आड येत नाही, हा या साऱ्याचा मथितार्थ.

त्याच स्त्रियांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे धर्मेतिहासाचे लक्ष कमी जाते. त्यांनी पैसा हाताळला. लंडनमधील क्वेकर स्त्रियांची 'बॉक्स मीटिंग' १६५०च्या दशकाच्या अखेरीपासून भरत असे. एका पेटीत वर्गणी जमा होई आणि तीतून विधवा, अनाथ, तुरुंगात पडलेल्यांची कुटुंबे यांस मदत जाई. ही पेटी पुरुषांच्या सभेच्या ताब्यात नव्हती. मार्गारेटची कन्या सारा फेल हिने स्वार्थमोर हॉलचा १६७३ ते १६७८ या काळातील घरखर्च बारकाईने लिहून ठेवला. ही हिशेबवही १९२० साली छापली गेली, आणि तत्कालीन ग्रामीण जीवनाचे साधन म्हणून अभ्यासक आजही ती उघडतात. पैशा-पैशाची नोंद ठेवणे हा या पंथात सत्यनिष्ठेचाच भाग मानला जाई.

मग पाळीचे कापड या हिशेबांत कोठे बसते? आमच्या मते ते बसूच शकत नव्हते. त्या काळी स्त्रिया जीर्ण वस्त्रांच्या चिंध्या वापरीत. नवे कापड विकत येते तेव्हा त्याची नोंद होते. ते विरून चिंधी होते तेव्हा त्याची किंमत शून्य झालेली असते, आणि शून्याची नोंद वहीत होत नाही. ज्या घरात जुने वस्त्रही उरत नसे तेथील स्त्रीचे काय होई, याची नोंद तर कोण करणार! योगायोग असा की, बायबलमधील यशयाच्या चौसष्टाव्या अध्यायात माणसाच्या पुण्याईला घाणेरड्या वस्त्राची उपमा दिली आहे. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ पाळीचे कापड असा लावला जातो. इंग्रजी भाषांतराने त्याची नुसती मळकी चिंधी केली. म्हणजे हे कापड धर्मग्रंथात होते, प्रत्येक घरात होते, आणि तरीही ते कोठेच नव्हते.

ते हिशेबात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्यातही एका क्वेकर नावाचा संबंध आहे. थॉमस साउथॉल या क्वेकर औषधविक्रेत्याने १८२० साली बर्मिंगहॅममध्ये दुकान थाटले. पुढे त्यातूनच वाढलेल्या साउथॉल कंपनीने १८८०च्या दशकात वापरून टाकून देण्याचे 'सॅनिटरी टॉवेल' बाजारात आणले. ब्रिटनमध्ये व्यापारी तत्त्वावर विकल्या गेलेल्या अशा पहिल्या वस्तूंत त्यांची गणना होते. प्रवास करणाऱ्या स्त्रियांना उद्देशून त्यांच्या जाहिराती छापल्या जात. कॅडबरी आणि राउंट्री यांच्या चॉकलेटची कथा क्वेकर उद्योगांच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. या पाकिटाची कथा क्वचितच. वास्तविक त्याचे महत्त्व कमी नाही. चिंधीला प्रथमच किंमत लागली. ज्या स्त्रीला ती परवडली तिला घराबाहेर पडण्याची, आगगाडीने प्रवास करण्याची मोकळीक मिळाली. जिला परवडली नाही ती मात्र त्या दिवसापासून एका नव्या अर्थाने गरीब झाली. विटाळाच्या दृष्टीने सगळ्या स्त्रिया सारख्याच होत्या. दुकानाच्या दृष्टीने त्या सारख्या राहिल्या नाहीत.

इंग्लंड सोडून आता केनियाकडे वळले पाहिजे, कारण आजचा क्वेकर बहुधा इंग्रज नसतो. जगभरातील पावणेचार लाखांच्या आसपास क्वेकरांपैकी जवळजवळ निम्मे आफ्रिकेत राहतात, आणि एकट्या केनियात त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. जगातील कोणत्याही एका देशात एवढे क्वेकर नाहीत. १९०२ साली विलिस हॉचकिस, आर्थर चिल्सन आणि एडगर होल हे तीन अमेरिकन तरुण पश्चिम केनियातील कायमोसी येथे पोहोचले. त्यांनी काढलेल्या मिशनच्या नावातच 'इंडस्ट्रियल' हा शब्द होता. प्रार्थनेबरोबर लाकूड कापण्याची गिरणी, दवाखाना आणि शाळा आली. त्यांच्या उपासनेत पाद्री असे, गाणी असत, प्रवचन असे. आजही लुह्या समाजातील क्वेकर प्रार्थना ऐकू गेले असता, आम्ही पाहिलेल्या त्या मौनसभेशी तिचे नाते पटणे कठीण जाते. एक क्वेकर गातो, दुसरा गप्प बसतो, आणि दोघेही फॉक्सचे वारस म्हणवतात. मौन हा या पंथाचा प्राण आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

मग दोघांत समान काय? आमच्या वाचनात आलेली एक हकीकत येथे उद्बोधक आहे. लुह्या समाजात स्त्रियांना कोंबडी खाण्यास मनाई होती. कोंबडी शिजवायची स्त्रीने, खायची पुरुषाने. मिशनच्या आरंभीच्या दशकांत क्वेकर झालेल्या काही स्त्रियांनी उघडपणे कोंबडी खाऊन हा निषेध मोडला. गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते, परंतु स्त्रीच्या देहात काय जावे आणि काय जाऊ नये हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा तो प्रश्न होता. लँकेस्टरच्या तुरुंगातून लिहिणारी मार्गारेट फेल आणि कायमोसीच्या परिसरातील त्या स्त्रिया यांची भाषा, उपासना, वर्ण सारेच भिन्न. परंतु देहाच्या निमित्ताने लादलेले दुय्यमत्व दोघींनीही धर्माच्याच बळावर झुगारले.

पुढे क्वेकरांनी पश्चिम केनियात शेकडो शाळांना आधार दिला. मुली शिकू लागल्या. आणि येथेच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. सकाळपासून दुपारपर्यंत बाकावर बसावयाचे, अंगावर गणवेश, शौचालयाला दार असेल-नसेल, आणि पाणी दूरच्या झऱ्यावर. घरी कशीबशी निभावणारी चिंधी शाळेत निभत नाही. दुय्यमत्व झुगारून वर्गात येऊन बसलेल्या मुलीला पाकिटाच्या किमतीने पुन्हा घरी पाठविले. केनिया सरकारने २००४ साली पॅडवरील मूल्यवर्धित कर काढून टाकला. असे करणाऱ्या जगातील पहिल्या देशांत त्याची गणना होते. जून २०१७ मध्ये सरकारी शाळांतील वयात आलेल्या प्रत्येक मुलीला मोफत व पुरेसे पॅड देण्याचा कायदा झाला. तरीही पुरवठा अनियमित असल्याच्या तक्रारी होत राहिल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, पश्चिम केनियाच्या ग्रामीण भागातील एका मोठ्या पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलींपैकी सुमारे १० टक्के मुलींनी पॅडच्या पैशांसाठी शरीरसंबंध ठेवल्याचे सांगितले. हा आकडा वाचल्यावर पाळीचे दारिद्र्य हा स्वच्छतेचा विषय आहे असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. आणि लाज केवळ गरिबांच्याच वाट्याला येते असेही नाही. १४ फेब्रुवारी २०२३ रोजी तत्कालीन सिनेटर ग्लोरिया ओरवोबा पांढऱ्या विजारीवर लाल डाग घेऊन केनियाच्या सिनेटमध्ये गेल्या, तेव्हा त्यांना सभागृहाबाहेर जाण्यास सांगण्यात आले. 'बाहेर बसणे' हा वाक्प्रचार केवळ मराठीचा नाही.

येथून गोष्ट पुन्हा इंग्लंडला परतते, आणि तीही उलट्या दिशेने. लीड्स शहरातील 'फ्रीडम फॉर गर्ल्स' ही संस्था केनियातील मुलींना धुऊन वापरता येणारे पॅड पुरवीत असे. २०१७ साली लीड्समधीलच एका शाळेने तिला विचारले की, आमच्या मुली पाळीत शाळा बुडवितात, तुम्ही काही मदत कराल काय? क्वेकर संस्था ती नव्हे, परंतु आमच्या दृष्टीने हा या साऱ्या इतिहासातील निर्णायक क्षण आहे. दूरदेशीच्या गरिबीसाठी उघडलेली पेटी स्वतःच्याच गल्लीत रिकामी करावी लागली. त्याच वर्षी झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधील १४ ते २१ वयाच्या दहापैकी एका मुलीस पॅड परवडत नसल्याचे आढळले. स्कॉटलंडच्या संसदेने नोव्हेंबर २०२० मध्ये ही साधने सर्वांस मोफत देण्याचा कायदा मंजूर केला; तो ऑगस्ट २०२२ पासून अमलात आला. जानेवारी २०२१ पासून ब्रिटनने त्यांवरील कर रद्द केला. आम्ही पाहिलेली टोपली त्यानंतरची. तिच्यामागे फॉक्सचा अंतःप्रकाश होताच. परंतु ती तेथे येऊन बसली ती पश्चिम केनियातील शाळकरी मुलींनी उभ्या केलेल्या प्रश्नामुळे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडेही या पंथाचा एक क्षीण पण चिवट धागा आहे. रेचल मेटकाफ ही इंग्रज क्वेकर स्त्री १८६६ साली भारतात आली, आणि पुढे होशंगाबाद परिसर हे क्वेकरांच्या कामाचे केंद्र बनले. मार्जरी साइक्स या क्वेकर शिक्षिका १९४९ पासून सुमारे दशकभर सेवाग्रामला नई तालीमचे काम करीत होत्या. विनोबांचे शिक्षणविचार त्यांनी इंग्रजीत नेले. होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटरने 'किशोर भारती'सह १९७२ साली सोळा शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रसिद्ध प्रयोग सुरू केला. मुलांनी स्वतः पाहावे, मोजावे, प्रश्न विचारावेत, हे त्याचे सूत्र. त्या प्रयोगाच्या प्रवाहातून १९८२ साली 'एकलव्य' ही संस्था निघाली, आणि तिने किशोरवयीन मुलींसाठी 'बेटी करे सवाल' हे देहाविषयी व पाळीविषयी मोकळेपणाने बोलणारे पुस्तक काढले. 'एकलव्य' धार्मिक संस्था नाही, आणि त्या पुस्तकास क्वेकर म्हणणे अन्यायाचे होईल. तरी मुलीने प्रश्न विचारावा आणि मोठ्यांनी तो ऐकून घ्यावा, ही रीत रसूलियाच्या अंगणातल्या माणसांना परकी वाटली नसती.

कोणी म्हणेल, विटाळ झुगारण्यास मराठी माणसाला परदेशी पंथ कशाला हवा? हे बरोबरच आहे. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात पाळीचा विटाळ मानण्यास नकार दिला. देहातून इतर जे स्रवते तसेच हे, अशी त्यांची भूमिका महानुभावांनी जपली आहे. सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विटाळाच्या कल्पनेचीच उलटतपासणी केली. फॉक्सच्या कितीतरी आधी हे आपल्या भाषेत सांगून झाले होते. प्रश्न पुढचा आहे. विटाळ न मानणे आणि कापड पुरविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते हा भ्रम आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांचे उदाहरण घ्यावे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दोघांनी हंगामभर राबावयाचे. खाडा पडला तर दंड. फडात पाळीसाठी विश्रांती नाही, आडोसा नाही, पाणी नाही. या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली राज्य शासनाच्या समितीमार्फत पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. यामागे डॉक्टरांनी घातलेली भीती होती, आजारपण होते, आणि खाड्याचा हिशेबही होता. तेथे मुकादमाला विटाळाशी काही देणेघेणे नव्हते. पाळीतील बाईने फडात येऊ नये असे त्याने कधी म्हटले नाही. तिने यावेच असे त्याचे म्हणणे होते. विटाळ न मानणारी व्यवस्था किती निर्दय असू शकते याचा हा धडा आहे.

नुसत्या पॅडनेही भागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नेपाळमधील चितवन येथे मुलींना पाळीचे कप देऊन पाहिलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाळेतील हजेरीवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य दिसला. मुलींना कप हवे होते आणि त्यांनी ते वापरलेही, हे मात्र खरे. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ रोजी 'अस्मिता' योजनेतून जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट ५ रुपयांत देण्याचे ठरले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरील १२ टक्के जीएसटी गेला. दोन्ही पावले योग्य होती. परंतु हजेरीपटावर काय दिसते एवढ्यावरच या खर्चाचे मोल ठरवू नये. बाकावरून उठताना मागे वळून पाहावे न लागणे ही गोष्ट हजेरीपटात येत नाही.

क्वेकर मौनाविषयी आमचा आदर कमी झालेला नाही. ते ऐकण्यासाठीचे मौन आहे. कोणीही केव्हाही उठून बोलू शकते, आणि बोलणाऱ्याचे म्हणणे बाकीचे निमूट ऐकतात. आजीच्या घरचे मौन वेगळे होते; तेथे कोणी उठून बोलेल ही शक्यताच नव्हती. परंतु साडेतीनशे वर्षे ऐकण्यास बसलेल्या सभेतही हा एक विषय उठून बोलला नाही, हेही नोंदविले पाहिजे. त्याला वाचा फुटली ती पाकिटाची किंमत मोजता न आलेल्या मुलींमुळे.

आजी आज नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात येताना ती आपले कापड कोठे वाळत घालीत असे, हे आम्हांस कधी दिसले नाही, आणि आम्ही कधी विचारलेही नाही. उन्हात नक्कीच नसावे. असो.